वरची खोली

७ मार्च

चि. ठकीस,

सभा सापडली. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की पत्र तसंच कपाटात टाकायचं, ते तुला ठरवता येईल.

माझ्या तोंडचं काही ऐकायचं नाही, जे काही असेल ते हाताने लिहून पाठवायचं, ही तुझी अट मी मान्य केली आहे. तेव्हा अक्षर नीट तपासून घे. ओळी सरळ आहेत, काना-मात्रा जागच्या जागी आहेत. आयुष्यभर परक्यांच्या तोंडात दात एका ओळीत बसवले, तिथे चार अक्षरं बसवायला मला फार कष्ट पडत नाहीत.

तू मला ज्या डॉक्टरांकडे धरून नेलं होतंस, त्यांनी दिलेला नंबर पर्समध्येच पडून होता. तो या आठवड्यात लावला. उचलणारा माणूस काहीतरी खात होता. मी विचारलं, तुमच्या सभेला कोण येऊ शकतं. तो म्हणाला, ज्याला दारू सोडावीशी वाटते तो कोणीही. मी म्हटलं, ओळखीतल्या एका बाईसाठी विचारते आहे. तो म्हणाला, सगळे ओळखीतल्यासाठीच विचारतात, आणि घास गिळून पत्ता सांगितला. पेट्रोलपंपाच्या मागे ड्रायव्हिंग स्कूलची इमारत, दर गुरुवारी संध्याकाळी.

ती इमारत काही केल्या सापडेना. शेवटी एका औषधाच्या दुकानात विचारलं. दारू सोडायची सभा कुठे भरते असं कुठल्या तोंडाने विचारणार, म्हणून ड्रायव्हिंग स्कूल कुठे असं विचारलं. दुकानदाराने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि या वयात गाडी शिकताय म्हणून मला शाबासकी दिली. गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायलाही आला. मीही त्याला सांगितलं की शिकायला वय आड येत नाही. खोटं बोलायला तर नाहीच येत.

खालच्या खोलीत भिंतीभर रस्त्यावरच्या खुणांचे तक्ते आहेत आणि कोपऱ्यात एका लोखंडी खुर्चीपुढे नुसतंच स्टिअरिंग बसवलेलं आहे. दारू सोडणाऱ्यांना नेमकी हीच जागा कोणी शोधून दिली, देव जाणे. एक जाडा माणूस खुर्च्या मांडत होता. त्याने मला पाहिलं आणि काही न विचारता जिन्याकडे बोट करून म्हणाला, "ताई, वर." वर शिवणक्लास आहे. मशिनी झाकून भिंतीला लावलेल्या, मध्ये गोल करून माणसं बसलेली. बहुतेक बायकाच. मला हायसं वाटलं. एक नर्सबाई आहेत, निवृत्त झालेल्या, त्या सभा चालवतात. इथलं बोलणं इथेच राहतं असा नियम आहे, तेव्हा कोणाचं काही तुला सांगता येणार नाही.

जूनमध्ये तुझ्या बाळंतपणाला मी यायचं की नाही, हे तू या सभांवर ठरवणार आहेस. तू म्हणालीस, आधी सभा, मग बघू. तर आता सभा आहे. त्या दुपारी माझा डोळा लागला आणि गुंड्या एकटाच जिना उतरून रस्त्यावर गेला, याबद्दल मला जे म्हणायचं होतं ते तुझ्यासमोर म्हणून झालं आहे. नातवाच्या बाबतीत असं घडलं तर कोणत्या आजीला बरं वाटेल? त्याला माझा पापा दे. माझा म्हणून द्यायचा नसेल तर तुझ्या नावावर दे.

तुझी,
आई


२८ मार्च

चि. ठकीस,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, प्रश्नपत्रिकाच. पुन्हा गेलीस का, तिथे बोललीस का, मध्ये प्यायलीस का. उत्तरं: हो, हो, नाही.

बोलले ते घराबद्दल बोलले. पिणारं माणूस घरी येतं तेव्हा कुलपात किल्ली कशी घालतं, पहिल्यांदा चुकते, दुसऱ्यांदा चुकते, आणि आतली माणसं भांड्यांचा आवाज बंद करून ते कसं ऐकत राहतात, हे मी सांगितलं. सगळ्यांच्या माना हलत होत्या. मग पहिला घोट पोटात उतरतो तेव्हा अंगातली एकेक गाठ कशी सुटत जाते आणि जग कसं आपल्यावर अचानक खूश होतं, तेही सांगितलं. तिथे मात्र माना हलायच्या थांबल्या. नर्सबाई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. शेवटी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतकं मन लावून माझं कोणी कधी ऐकलं नव्हतं. तुझे बाबा ऐकायचे, पण पुस्तकात बोट घालून. लायब्ररीत नोकरी करणाऱ्या माणसाने दुसरं काय करावं म्हणा.

लॅबमध्ये सगळं ठीक आहे. गेल्या आठवड्यात एका बाईंची कवळी पुन्हा परत आली. डॉक्टरांना वाटलं, साचा चुकला. मालकांना वाटलं, मी चुकले. मालकांना हल्ली असं लगेच वाटतं. मी म्हटलं, बाईंनाच बोलवा. त्या आल्या, आरसा घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, दात छान आहेत, पण ते माझे नाहीत. माझा पुढचा एक जरा वाकडा होता. मी मेण गरम करून तो दात किंचित वळवला. बाईंनी आरशात पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मालक म्हणाले, आता वाकडं करायचे पण पैसे घ्यायचे का. असा सगळा कारभार आहे.

जूनमध्ये येताना काय आणू ते कळव. गुंड्याची जुनी झबली मी धुऊन, इस्त्री करून ठेवली आहेत. गरोदरपणात डाव्या कुशीवर झोपायला सांगतात, तू उताणी झोपतेस. जावईबापूंना म्हणावं, जरा लक्ष ठेवा.

तुझी,
आई


१४ एप्रिल

चि. ठकीस,

तुझ्या मैत्रिणीच्या भावाचं भलं होवो. तो अशा सभेला जातो हे तुला इतक्या वर्षांत नाही कळलं आणि आत्ताच कळायचं होतं. तू लिहितेस की त्यांच्यात प्रत्येकजण उभा राहून आधी नाव सांगतो आणि मग मी दारुडा आहे असं म्हणतो. मी म्हटलं का, असं तू विचारलं आहेस.

नाही म्हटलं. वरची खोली पिणाऱ्यांची नाहीच. वरची खोली पिणाऱ्यांच्या घरच्यांची आहे. पिणारे खाली, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बसतात.

त्या जाड्या माणसाने मला वर पाठवलं, त्यात त्याचाही फार दोष नाही. पिकल्या केसांची बाई आली, म्हणजे ती कोणाच्या तरी पायी आली असणार, असं त्याने धरलं. आजवर माझं सगळं याच समजावर निभावलं आहे. आमच्या लॅबमध्ये मेण वितळवायला दिवसभर स्पिरिटचा दिवा जळत असतो. माझ्या हाताला, पदराला, बोलण्याला वास आला तरी तो त्या दिव्याच्या खात्यावर जायचा. लहानपणी तू सगळ्यांना सांगायचीस, माझ्या आईला दातांचा वास येतो. मी ते हसून सगळ्यांना ऐकवायचे.

वर गेल्यावर थोड्याच वेळात माझ्या लक्षात आलं होतं की आपण चुकीच्या खोलीत आहोत. तेव्हाच उठून खाली जाता आलं असतं. तेवढ्यात नर्सबाईंनी हळूच विचारलं, घरातलं कोण? आणि मी म्हटलं, मिस्टर. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

खोकल्याच्या औषधाची बाटलीसुद्धा हुंगून बाजूला ठेवणारा माणूस तो. मी त्याला माझी बाटली दिली. माझी किल्ली दिली, माझं न्हाणीघरात पडणं दिलं, सकाळी हात थरथरायचा म्हणून दोन्ही हातांनी धरायचा तो कपही दिला. मी इतकं बारीकसारीक सांगत होते की ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांना पदर लागले. दर गुरुवारी मी तुझ्या बाबांना थोडं थोडं प्यायला लावलं. मग एकदा एका बाईंनी विचारलं, आता कुठे असतात? मी म्हटलं, वारले. त्या म्हणाल्या, सुटलात बाई. आणि मला इतका राग आला. उठून सांगावंसं वाटलं की त्यांच्यासारखा माणूस तुमच्या सात पिढ्यांत झाला नसेल. मी बिघडवलेलं घर ते आयुष्यभर झाकत राहिले. हिचं डोकं दुखतंय, हिला झोपू दे, असं तुला कितीदा सांगितलं त्यांनी. यातलं काहीच मी त्या बाईंना बोलले नाही. आपलेच दात आपलेच ओठ म्हणतात, ते मला त्या दिवशी नीट कळलं.

तेव्हा मागच्या पत्रातल्या तिसऱ्या उत्तरावर काट मार. दोनदा प्यायले होते. आणि गुंड्या रस्त्यावर गेला त्या दुपारी माझा डोळा लागला नव्हता. तुला ते माहीतच आहे, पण मी कधी तसं म्हटलं नव्हतं.

तुझी,
आई


९ मे

चि. ठकीस,

इतक्या दिवसांनी आलेल्या पत्रात एकच ओळ. बाबांना यात ओढायचं तुला काय कारण होतं? तू विचारते आहेस ते रास्त आहे. कारण काही नव्हतं. ते हाताशी होते आणि उलटून बोलणार नव्हते. जिवंत होते तेव्हाही तसंच होतं.

तू म्हणशील, आता कबूल केलंस, मग खाली का गेली नाहीस. गेले नाही खरं. वर बसून ऐकता येतं. खाली गेलं तर सोडावी लागेल. हे इतकं सरळ आहे की मला स्वतःला कळायला महिना लागला. मी वरच जात राहिले, फक्त तुझ्या बाबांबद्दल बोलणं बंद केलं. दोनदा कोणी विचारलं तर घसा बसलाय म्हटलं.

आता इथलं बोलणं इथेच राहावं हा नियम मी मोडणार आहे. मोडते आहे कारण परवा तिथे जे ऐकलं ते तुझंही आहे असं मला वाटतं.

एक मुलगी येते, तुझ्याहून थोडी लहान. बेकरीत काम करते, अंगाला भाजलेल्या पिठाचा वास असतो. आजवर कधी बोलली नव्हती. तिची आई पिते. आई एकटीच असते आणि ही कामावर जाताना तान्ह्या मुलीला तिच्याकडे ठेवते, कारण दुसरं कोणी नाही. ती म्हणाली, रोज सकाळी दारात गेले की मी आधी आईच्या गळ्यात पडते. आई खूश होते. शेजारणींना सांगते, माझी लेक बघा कशी, इतकी मोठी झाली तरी गळ्यात पडते. मी तिच्या मानेशी नाक नेते आणि हुंगते. वास आला नाही तर बाळ देते. वास आला तर म्हणते, आज मला सुट्टी आहे, नुसती भेटायला आले होते. आणि बाळ घेऊन परत जाते.

 एक-दोघी थोड्याशा हसल्या, कारण प्रत्येकीचं असं काहीतरी असतंच. कोणी पाण्याची बाटली हुंगतं, कोणी उशी. मी मांडीवरच्या पर्सची चेन उघडत आणि लावत बसले.

बाबा गेल्यानंतर तू माझ्याकडे यायला लागलीस, तेव्हा दारातच मला मिठी मारायचीस. तू लहानपणी कोणाच्या अंगाला चिकटणारं पोर नव्हतीस. मावशीने जवळ घेतलं तरी सुटून पळायचीस. मी लॅबमध्ये सगळ्यांना सांगितलं होतं, माझी लेक वडिलांच्या मागे फार हळवी झाली आहे, आल्या आल्या गळ्यात पडते. मालकांनाही सांगितलं. तू यायच्या दिवशी मी आरशात केस नीट करून दारापाशी थांबायचे, कधी एकदा बेल वाजते म्हणून.

ठके, मला फार लाज वाटली. आजवर बरंच काही झालं, पण असं कधी वाटलं नव्हतं.

तू तेच करत होतीस का? उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

तुझी,
आई


२३ मे

चि. ठकीस,

तुझं कार्ड मिळालं. एका कार्डावर एकच अक्षर लिहून पाठवणारी तूच. हो, तर हो. कळवलंस ते बरं केलंस.

गेल्या गुरुवारी खाली गेले. जाडा माणूस नेहमीप्रमाणे जिन्याकडे बोट दाखवून, ताई, वर, म्हणाला. मी म्हटलं, नाही, मी तुमच्याकडचीच आहे. त्याच्या हातात खुर्ची होती ती त्याने तशीच धरून ठेवली. मग ती माझ्यापुढे उघडली आणि म्हणाला, बसा, चूक माझीच झाली. मी म्हटलं, माझीपण. फोनवर खात खात बोलणारा तो हाच निघाला. आता जे खात होता ते चणे होते. प्यायची आठवण आली की तोंडात काहीतरी टाकायचं, ही त्याची युक्ती, म्हणून तो तसा जाडा.

खाली पुरुषच जास्त. एक बसड्रायव्हर, एक वकील, एक पोरगेलासा सुतार. मला जागा मिळाली ती त्या स्टिअरिंगशेजारी. पाळी आली तेव्हा उभी राहिले, नाव सांगितलं आणि पुढचं वाक्यही सांगितलं. तुझ्या मैत्रिणीच्या भावाला कळव. मला वाटलं होतं, छातीवरचा दगड वगैरे उतरेल. तसं काही झालं नाही. खुर्चीवर बसले तेव्हा गुडघे दुखत होते. वकिलाने पाण्याचा पेला पुढे केला आणि सभा पुढे चालू झाली.

मग वर गेले. तुझ्या बाबांचं कर्ज फेडायचं होतं. नर्सबाई आवराआवर करत होत्या. मी त्यांना सांगितलं की माझे मिस्टर थेंबालाही शिवले नव्हते, जे सांगितलं ते सगळं माझं होतं. त्या मशिनींची झाकणं नीट करत म्हणाल्या, मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं. मी विचारलं, कसं? त्या म्हणाल्या, नवऱ्याने प्यायल्यावर काय काय केलं ते बायको सांगते. पहिला घोट त्याच्या पोटात कसा उतरला ते तिला कुठून माहीत असणार? मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, जिना तुमचा तुम्हालाच उतरायचा होता. सगळ्यांपुढे पुढच्या वेळी मी स्वतःच सांगते, असं मी कबूल केलं. बाबांची बदनामी त्या खोलीत मी केली, तर धुवायलाही मीच हवी.

हे सगळं बेकरीवाली दारात उभी राहून ऐकत होती. पिशवी विसरली म्हणून परत आली होती. मला वाटलं, आता ही फाडून खाणार, आणि तिने खाल्लं असतं तर मी काय बोलणार होते? माझ्यासमोर बसून तिने तिच्या आईबद्दल सांगितलं होतं आणि मी पिणाऱ्याच्या घरची म्हणून मान हलवत होते.

ती जिना उतरून माझ्या मागोमाग खाली आली. तिथे म्हणाली, "एक विचारू? खरं सांगाल?"

मी म्हटलं, "सांगेन."

"मी हुंगते ते आईला कळत असेल?"

मी म्हटलं, "नाही गं. मला वाटायचं, माया करते."

ती जिन्याच्या पायरीवर बसली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता. मी शेजारी बसावं की नाही ते कळेना, म्हणून उभीच राहिले. ती म्हणाली की काही दिवस वास नसतो आणि तेव्हा ती खरीच मिठी मारते, पण नाक आपोआप तिथेच जातं. ते आता थांबवता येत नाही. मग ती उठली आणि गेली.

तुझंही तसं झालं असेल तर ते माझ्यामुळे झालं. तुला वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

तुझी,
आई


८ जून

चि. ठकीस,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. "ये. तिकीट काढलंय. दहा-पंधरा दिवस राहायच्या तयारीने ये, गुंड्या तुझी वाट बघतोय." ते मी उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं. जावईबापूंनी खाली स्वतः दोन शब्द लिहिले आहेत, ते त्यांच्यासारख्या माणसाला किती जड गेले असतील याची मला कल्पना आहे. माझ्याकडून त्यांना आभार सांग.

मी येत नाही.

रविवारी दुपारी मी प्यायले. कोणाशी भांडण नव्हतं, दुखणं नव्हतं, वाईट काही झालं नव्हतं. तुझं पत्र आलं होतं आणि मला आनंद झाला होता. झबली पिशवीत भरली, पुन्हा काढली, पुन्हा भरली. मग वाटलं, आज नाही तर कधी. दुःखात पिणारी माणसं मी ऐकली होती. मला वाटायचं, मी तशी. तशी नाही. मला आनंदही पेलत नाही, हे मला या वयात कळलं.

हे तुला कळवलं नसतं तरी चाललं असतं. प्रवासाला अजून दिवस आहेत, तोवर वास गेला असता. अक्षरही बघ, सरळ आहे. मी आले असते, तू दारात मिठी मारली असतीस आणि तुझ्या नाकाला काही लागलं नसतं. तू निश्चिंत झाली असतीस. आणि मग बाळ झालं असतं, घरात सगळे हसत असते, आणि त्या आनंदाच्या दिवशी गुंड्या माझ्या ताब्यात असता. मी त्या दिवसाचा विचार करून बघितला आणि पेन घेतलं.

सोमवारी जाड्या माणसाला फोन केला. तो संध्याकाळी सरळ घरी आला, बरोबर वकील. दोघांनी स्वयंपाकघरात जे सापडलं ते मोरीत ओतलं आणि चहा करून प्यायले. गुरुवारी खाली उभी राहून मी हे सगळं पुन्हा सांगितलं. कोणी सुस्कारे टाकले नाहीत. बसड्रायव्हर म्हणाला, त्याची बढती झाली त्या दिवशी त्याचंही असंच झालं होतं. मी पुढच्या गुरुवारीही जाणार आहे.

बाळंतपणाला सासूबाईंना बोलावून घे. त्या फार बोलतात आणि दर गोष्टीत मीठ कमी आहे म्हणतात, पण त्या जाग्या असतात. गुंड्याला सांग, आजीला बरं नाही. खरंच बरं नाही, तेव्हा तुला खोटं बोलल्यासारखं वाटायला नको. झबल्यांचं पार्सल उद्या पाठवते.

आणखी एक. तुझ्या गावातही अशी वरची खोली असणार. पिणाऱ्यांची नव्हे, त्यांच्या घरच्यांची. नर्सबाईंनी शोधून द्यायचं कबूल केलं आहे, पत्ता मिळाला की कळवते. बाळ जरा मोठं झालं की जा. तिथे तुझ्यासारखी माणसं बसतात. मी दोन महिने जी खुर्ची अडवून बसले होते, ती खरं तर तुझी होती. तिथे माझ्याबद्दल बोल. सगळं बोल. बाबा झाकायचे तसं झाकू नकोस. 'पण आई मनाने वाईट नाही' असं तिथे सगळ्याजणी मध्येच घालतात, ते तू घालू नकोस. आधी झालं ते सांग. त्या ऐकून घेतात, मी बघितलं आहे.

बाळ झालं की मला फोन कर, दिवसा, कधीही. मी उचलेन. आधी दुसरंच काहीतरी बोल, हवापाण्याचं. आणि माझा आवाज तुला बरा वाटला नाही, तर मुलगा की मुलगी ते न सांगताच फोन ठेवून दे.

तुझी,
आई